आस्गरचे कान

प्रिय मायकन,

तू सही करून पाठवलेला कागद सोमवारी आला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर साखरेच्या भांड्याखाली ठेवला आहे. खाली दोन रेघा आहेत. एकीवर तुझं नाव, नेहमीसारखं उजवीकडे कललेलं. दुसरी माझ्यासाठी कोरी. शुक्रवारच्या आत ती भरून मी कचेरीत नेऊन दिली, की आस्गर कायद्यानं माझा होईल. सोबतच्या चिठ्ठीत तू एकच ओळ लिहिलीस, 'गुद्रुन, मला फोन करू नका, ते मला आता सोसत नाही.' म्हणून हे पत्र. सही करायच्या आधी मला तुला आस्गरच्या कानांबद्दल सांगायचं आहे. तुला वाटेल, पोराचं सगळं आयुष्य ठरतंय आणि म्हातारी कानातला मळ काढत बसली आहे. तरी वाच. मधेच टाकून देऊ नकोस.

गेल्या वर्षीच्या ऑगस्टपासून सुरू करते. तू ग्रीनलंडला जायला निघालीस त्याच्या आदल्या दिवशीपासून. माझा पाले वारला त्याला तेव्हा सात महिने झाले होते. माझ्या मुलाचा दुधाचा टँकर ज्या वळणावर बर्फावरून घसरला, त्याच वळणावरून तुला रोज कामाला जावं लागायचं. तू म्हणालीस, 'गुद्रुन, मी इथे राहिले तर मला वेड लागेल. एक हिवाळा नूकच्या इस्पितळात नर्सचं काम करते, थोडी माणसात येते, मग आस्गरला घेऊन जाते.' मी हो म्हटलं. त्या दुपारी तू त्याला चर्चमागच्या बागेत घेऊन गेलीस आणि त्याची चोखणी झाडाला बांधलीस. आपल्या गावची सगळीच पोरं मोठी झाली की तिथे चोखणी बांधून येतात, पालेची मी स्वतः बांधली होती. तू निळी रिबीन लावलीस आणि चिठ्ठी अडकवलीस, 'मी आता साडेतीन वर्षांचा आहे. मला हिची गरज नाही. आस्गर.' अक्षर तुझं होतं. तो ऐटीत घरी आला आणि राय धान्याच्या काळ्या पावाचे तीन तुकडे कलेजीची पेस्ट लावून खाल्ले.

दुसऱ्या रात्री तो किती रडला ते मी तुला कधी सांगितलं नाही. आधी आई म्हणून रडला, मग चोखणी म्हणून. आई आणणं माझ्या हातात नव्हतं. पहाटे मी कोट चढवला, शिवणकामाची कात्री घेतली आणि बागेत गेले. शेजारणीचा कुत्रा भुंकला तेव्हा सहासष्ट वर्षांची मी बाई झाडामागे लपले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं. रिबीन-चिठ्ठीसकट कापून आणलेली चोखणी उकळून त्याच्या तोंडात दिली आणि तो लगेच झोपला. त्याला मी बजावलं, आईला सांगायचं नाही हं. तेवढ्याशा पोराला मी पहिली गोष्ट शिकवली ती ही.

नोव्हेंबरात त्याला सर्दी झाली आणि ती गेलीच नाही. नाक वाहायचं, घशात घरघर, रात्री उजवा कान धरून बसायचा. मी माझ्या परीनं सगळं केलं, मायकन, ते तरी खोटं नाही. नाकात थेंब घालायची, एल्डरबेरीचा रस गरम करून पाजायची. डोक्याकडची बाजू उंच हवी म्हणून पलंगाच्या पायांखाली टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टऱ्या सारल्या. लोकरीच्या टोपीला आतून फ्लॅनेल शिवलं. ताप चढला की त्याचा कान माझ्या छातीवर टेकवून आरामखुर्चीत बसून राहायची, आणि मी गुणगुणले की तो शांत व्हायचा. मला वाटायचं त्याला माझं गाणं आवडतं. माझा आवाज कसा आहे तुला ठाऊक आहे. पाले म्हणायचा, 'आई, तू गायला लागलीस की गाई दूध आखडतात.' आता कळतं, छातीला कान लावला की त्याला हाडांतून तेवढं तरी ऐकू यायचं.

ताप गेला, दुखणं गेलं, पण पोरगं बदललं. हाक मारली तर ढिम्म. जेवायला ये म्हणून चारदा ओरडावं लागायचं. बोलणंही बिघडलं, शब्दांची शेपटं गिळायला लागला. एल्सेबेथला तू ओळखतेस, गल्लीतली चार पोरं जिच्या घरी सांभाळायला असतात. ती हसत म्हणाली, 'तुमच्या नातवानं कानात लोणी भरलंय का हो? सगळ्यांना केक म्हटलं की धावतात, हा भिंतीशी खेळत बसतो.' मला राग आला. मी म्हटलं, ज्याचा बाप मेला आणि आई दर्यापार गेली तो काय टाळ्या पिटत येणार? ते वाक्य मला इतकं पटलं की पुढे मी ते ज्याला त्याला ऐकवत सुटले.

आणि रविवारचा तुझा फोन. आमचे चार वाजायचे तेव्हा तुझे बारा. सुरुवातीला तो साडेतीनपासून घरातल्या बोळात फोनजवळच्या स्टुलावर चढून बसायचा. तुला आठवत असेल, एकदा त्यानं तुला गोगलगायीची अख्खी गोष्ट सांगितली होती. मग नाताळच्या सुमारास तो गप्प झाला. मी फोन त्याच्या कानाला लावायची, तू पलीकडून बोलत असायचीस आणि तो खिडकीबाहेर बघायचा. थोड्या वेळानं फोन माझ्या हातात द्यायचा आणि उतरून जायचा. तू विचारायचीस, 'रागावलाय का माझ्यावर?' लाइनवर तुझाच आवाज एका सेकंदानं परत यायचा, त्यामुळे तो प्रश्न मला दोनदा ऐकू यायचा. मी म्हणायची, लहान आहे, विसरेल. काय विसरेल, ते तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही.

नाताळला तू कॅसेट पाठवलीस. मी ती रेकॉर्डरमध्ये घातली, त्याला समोर बसवलं. तुझं अंगाईगीत लागलं, मागे नूकची कुत्री रडत होती. आस्गरनं मिनिटभर फिरणाऱ्या चाकांकडे पाहिलं आणि ठोकळे घेऊन टेबलाखाली गेला. मी कॅसेट ड्रॉवरमध्ये टाकली आणि तुला फोनवर सांगितलं, ऐकली हो त्यानं. तू विचारलंस, 'काही म्हणाला?' मी म्हटलं, नाही, काही नाही. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. नुसत्या खऱ्या बोलण्यानं माणसाचा गळा कापता येतो, हे मला या वयात कळलं.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी दोनदा उठून कॉफी करून आले. तुला माहीत आहे, पालेच्या जन्माआधीपासून बावीस वर्षं मी गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसले. सगळ्या पंचक्रोशीच्या लाइनी या हातांनी जोडल्या. डोक्यावर तो जड हेडफोन आणि समोर छिद्रांची पाटी. कोण रागानं गप्प आहे, कोण रडू आवरतंय म्हणून गप्प आहे आणि कुणाला लाइन खराब असल्यामुळे पलीकडचं काही ऐकूच येत नाहीये, हे मला नुसत्या श्वासावरून कळायचं. रागावलेलं माणूस ऐकत असतं, त्याचा श्वास पलीकडच्या शब्दांवर अडखळतो. ज्याला ऐकू येत नाही त्याचा श्वास सरळ चाललेला असतो. बावीस वर्षं मी एवढंच केलं, मायकन. या एका गोष्टीत मला कुणी शिकवू शकत नाही.

फेब्रुवारीतला दुसरा रविवार होता. तू बोलत होतीस, त्याला काहीतरी विचारत होतीस, बहुतेक बर्फातल्या घसरगुंडीबद्दल. मी त्याच्या शेजारी वाकून उभी होते. त्याचा श्वास सरळ चालला होता. मधे तुझा आवाज फुटला, तू रडायला लागलीस, ते मला हातभर अंतरावरून ऐकू आलं. आस्गरनं फोन कानावरून काढला, त्याच्या छिद्रांवर बोट फिरवून पाहिलं, आणि मग शहाण्यासारखा पुन्हा कानाला लावून बसला. मी लावायला सांगितलं होतं म्हणून. तो रागावला नव्हता. तो तुला विसरलाही नव्हता. तुझं एक अक्षरही त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. मला त्याच क्षणी कळलं. फोन घेऊन मी तुला म्हटलं, आज त्याचं मन लागत नाहीये.

दुसऱ्या दिवशी मी त्याला डॉक्टर ब्रामसनकडे नेलं. त्यांनी कानात टोक असलेलं छोटं यंत्र लावलं, कागदावर सपाट रेघ उमटली. ते म्हणाले, दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साठलंय, आता ते डिंकासारखं घट्ट झालं असणार. त्याला सगळं पाण्याखालून ऐकू आल्यासारखं येत असेल, जवळून आणि तोंड बघून बोललात तर बरंचसं कळेल, फोनवरचं मात्र कठीण. चोखणी चालू असेल तर आधी बंद करा म्हणाले, तीच कारण आहे असं नाही पण कानांना ती बरी नव्हे. तीन महिने वाट पाहू, आपोआप ओसरलं तर उत्तम, नाही तर पाणी वाहून जायला पडद्यांत बारीक नळ्या बसवू, दहा मिनिटांचं काम. आणि जाता जाता म्हणाले, 'आईला कळवा हं, काळजी करत असेल.' मी मान हलवली. चोखणी त्या दिवशी चुलीत टाकली. तुला कळवलं नाही.

का, ते मी आठ महिने स्वतःला वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितलं. तू एकटी, इतकी दूर, उगाच घोर कशाला. तीन महिन्यांचा तर प्रश्न. हे सगळं ओठातलं. पोटातलं लिहिते. पाले गेला तेव्हा लोक तुझ्याकडे यायचे, तुझे हात धरायचे, आणि मला सांगायचे की सुनेला जप. मी जपलं. पण माझाही एकुलता एक गेला होता. मग आस्गर माझ्याकडे राहिला. त्याच्या मानेवर तोच भोवरा, पालथं झोपून एक पाय पलंगाबाहेर काढायची तीच सवय. आणि आता त्याला जगात फक्त माझंच ऐकू यायचं, कारण मीच त्याच्या जवळ होते. मी खिडकीशी, उजेडात बसायची, म्हणजे त्याला माझे ओठ दिसतील. टेबलावर बोट आपटलं की तो वर बघायचा. बाहेर गेलं की माझा कोट सोडायचा नाही, दुसऱ्या कुणाचं त्याला कळायचंच नाही. मला ते आवडायचं. फार आवडायचं. पोर बहिरं होत होतं आणि मी सुखात होते.

मे महिन्यात डॉक्टरांचं पत्र आलं, पुन्हा दाखवायला या म्हणून. तेही कॅसेटच्या ड्रॉवरमध्ये गेलं. तुझं तिथलं काम हिवाळ्यानंतरही लांबलं होतं, पण जूनमध्ये तुला सुट्टी मिळणार होती, तिकीटही सांगून ठेवलं होतंस. त्या रविवारी तू मला विचारलंस, 'खरं सांगा गुद्रुन, त्याला मी हवी आहे का?' मी एवढंच म्हणायला हवं होतं, की अगं, त्याच्या कानात पाणी आहे. पाच शब्द. मी म्हटलं, 'तो आता कुठे रुळलाय, मायकन. तू येशील, पंधरा दिवसांनी जाशील, पुन्हा सगळं पहिल्यापासून. तूच ठरव.' लाइनवर माझं बोलणं मला परत ऐकू आलं, सेकंदभरानं, आणि ते फार समंजस वाटलं. तू आली नाहीस. उन्हाळाभर फोन कमी होत गेले, ऑगस्टनंतर बंदच झाले. सप्टेंबरात मला कचेरीतून फोन आला की तू कागद मागवले आहेस.

कान मी आपणहून दाखवले असं समजू नकोस. एल्सेबेथनं भाग पाडलं. दुपारी पोरांना घेऊन ती खाडीच्या धक्क्यावर गेली होती, मागून मासे वाहणारी गाडी उलटी येत होती, भोंगा वाजत होता, सगळी पोरं बाजूला झाली आणि आस्गर शिंपले वेचत बसला. तिनं त्याला कॉलर धरून ओढलं. घरी आणून सोडताना ती दारातच म्हणाली, 'गुद्रुन, इतके दिवस तुमच्या वयाकडे बघून गप्प बसले. हे पोर दुःखी नाहीये, बहिरं आहे. उद्या तुम्ही नेता की मी नेऊ?' तिचे ओठ पांढरे पडले होते. आस्गर आमच्या दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होता, कोण काय म्हणतंय ते शोधत.

गेल्या गुरुवारी नळ्या बसल्या. शहरातल्या कानाच्या डॉक्टरांनी तोंडावर मास्क धरला, माझ्या मांडीवरच तो झोपला, आणि मला कॉफी संपवायला लागला असता तेवढ्या वेळात काम झालं. त्यांनी मला काचेच्या नळीत ओढून काढलेलं ते दाखवलं, पिवळट, चिकट, तार धरणारं. म्हणाले, 'हे जवळजवळ वर्षाचं दिसतंय, आजी. आधी कुणाच्या लक्षात नाही आलं?' मी म्हटलं, नाही. परतताना बसमध्ये त्यानं दोन्ही हातांनी कान झाकले आणि म्हणाला, 'आजी, बस ओरडते.' घरासमोरच्या खडीवर तो थांबला, एक पाऊल टाकलं, थांबला, दुसरं टाकलं. आपल्याच पावलांचा आवाज ऐकत अर्धा तास अंगणात चालत राहिला. मी पायरीवर बसून पाहत होते. त्या वेळी मला देवाकडे काही मागायचं धैर्य झालं नाही.

शनिवारी मी ड्रॉवर उघडला. कॅसेट लावली आणि मागच्या खुर्चीत बसले, त्याला माझं तोंड दिसणार नाही अशी. कुत्री रडली, मग तुझा आवाज आला. तो ताठ झाला. शेवटपर्यंत ऐकलं त्यानं, हलला नाही. संपल्यावर वळला आणि म्हणाला, 'छान गाते. कोण आहे ही बाई?' मी म्हटलं, 'आई आहे रे तुझी.' तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला फसवतेय का, ते तपासत होता. मग मला समजावून सांगावं तसं म्हणाला, 'नाही आजी. आई बोलत नाही. मी किती वेळा फोन कानाला लावला, ती कधीच बोलली नाही. मग मी पण नाही बोललो.'

सोमवारी तुझा कागद आला. म्हणजे तू तिथे हेच म्हणत होतीस, की तो बोलत नाही, आणि तो इथे तुझ्याबद्दल हेच, आणि मधे मी बसले होते, बावीस वर्षं लोकांच्या लाइनी जोडणारी. मी सही केलेली नाही. कागद फाडलाही नाही, तो हक्क तुझा आहे, म्हणून या पाकिटात परत पाठवते. झाडावरची चिठ्ठीही सोबत आहे, निळ्या रिबिनीसकट, ती मी जाळू शकले नाही. मला माफ कर असं लिहीत नाही. तू त्याला घेऊन गेलीस आणि पुन्हा माझं तोंड पाहिलं नाहीस तर मला ते कळेल, त्यानंतर या घरात काय उरतं तेही मला चांगलं माहीत आहे. हे पत्र तुला कधी मिळेल, मिळाल्यावर तू इथवर वाचशील का, मला ठाऊक नाही. पण दर रविवारी पावणेचारला मी त्याला बोळातल्या स्टुलावर बसवीन आणि बागेत सफरचंदं वेचायला जाईन, सफरचंदं संपली तर नुसती उभी राहीन. घरात मी नसेन. फोन तोच उचलेल. सुरुवातीला तो तुला ओळखणार नाही, गप्प बसेल, नेहमीसारखाच. ठेवू नकोस. त्याचा श्वास ऐक. तुझ्या शब्दांवर तो अडखळेल. तू बोलत राहा.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क मी गमावला आहे, तरी दुसरं काय लिहू,
तुझीच,
गुद्रुन